हरवलेल्या माणसाचं वर्णन

दर गुरुवारी बाहिये वडिलांची दाढी करायची. ते खुर्चीत बसत, हनुवटी वर करत आणि साबणाचा फेस गालाला लागला की गाऊ लागत. गाणं अरबीत सुरू होई आणि मधेच कुठेतरी हिब्रूत शिरे. तिथवर आलं की बाहिये वस्तरा खाली ठेवून खिडकी लावून घेई.

"हळू, बाबा. खाली रस्त्यावर माणसं आहेत."

"असू देत. फुकट ऐकतायत."

"म्हणून तर म्हणते."

"मग तिकीट लाव," ते म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर इतके हसले की हनुवटीला वस्तरा लागला. तिने तुरटी फिरवली. ते लहान मुलासारखे 'स्स' म्हणाले आणि पुन्हा गाऊ लागले, या वेळी मनातल्या मनात, फक्त ओठ हलवत. तेवढं त्यांना अजून कळत होतं.

ओवादिया शमा पंच्याऐंशी वर्षांचे होते. दोन वर्षांपासून त्यांचं डोकं भाड्याचं घर सोडताना व्हावं तसं रिकामं होत चाललं होतं, शेवटी आलेलं सामान आधी बाहेर. बायको वारल्याचं आधी गेलं. मग बटणांचं आणि अस्तराच्या कापडाचं दुकान गेलं. मग तुर्की भाषा गेली. साठ वर्षं ज्या भाषेत त्यांनी गिऱ्हाइकांशी घासाघीस केली ती एका हिवाळ्यात नाहीशी झाली. उरली ती सीरियातल्या हलब शहराची अरबी, आणि प्रार्थना. हलबमधलं त्यांचं प्रार्थनाघर जाळलं गेलं तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. आईवडिलांबरोबर ते सरहद्द ओलांडून आले, इस्तंबूलला पोचले, आणि कागदपत्रं करताना चुलत्याने दप्तरात पोराचं नाव ओरहान लिहवून घेतलं. तेव्हापासून घरात ओवादिया, बाहेर ओरहान. बाहियेच्या वेळी तेवढीही कटकट ठेवली नाही. तिचं नाव मुसलमान घरातही शोभेल असंच निवडलं होतं.

घराचे नियम तिला अक्षरं येण्याआधी आले होते. दाराच्या चौकटीवरची मेझुझा, ती पवित्र लेख ठेवलेली छोटी डबी, बाहेर नाही, आत लावायची. बोटीवर, बसमध्ये इस्राएल हा शब्द काढायचा नाही, 'तिकडे' म्हणायचं. गळ्यातलं कपड्यांखाली. कुणी विचारलंच तर हसायचं आणि पोरांची चौकशी करायची. आई म्हणे, गर्दीत दोन गोष्टी मिटून ठेवाव्यात, तोंड आणि पाकीट. आई कधी भ्यायलेली दिसली नाही. ज्या बाईला पाऊस येणार हे ठाऊक असतं ती छत्री घेते, एवढंच.

त्या शरदात दक्षिणेकडे पुन्हा युद्ध पेटलं होतं. संध्याकाळी चौकात घोषणा होत. येलदेइरमेनीच्या त्यांच्या गल्लीत एका बंद दुकानाच्या शटरवर कुणीतरी रंगाने शिवी लिहून गेलं, आणि ते पुसायला कुणी आलं नाही. बाहियेने वडिलांच्या गळ्यातलं चांदीचं पदक काढलं, हिब्रू कॅलेंडर काढलं, त्यांची जरीची गोल टोपी काढली आणि सगळं कपाटात कुलूपबंद केलं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांना प्रार्थनाघरात न्यायचं तिने बंद केलं. प्रार्थनाघर चालत दहा मिनिटांवर होतं. त्याला पाटी नव्हती, लोखंडी दार होतं आणि दाराशी ओळखपत्र बघणारा माणूस. पण त्या दहा मिनिटांत बाबा मोठ्याने गात. रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला 'शबात शालोम' म्हणून पवित्र शनिवारच्या शुभेच्छा देत. अलीकडे तर ते थांबून, समोरच्याचा हात हातात घेऊन म्हणत.

म्हणून शुक्रवारी ते उठून म्हणाले, "माझा पांढरा सदरा काढ," की ती सांगे, "आज मंगळवार आहे, बाबा."

पहिल्या शुक्रवारी त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या शुक्रवारी म्हणाले, "हा मंगळवार फार लांबला गं." ती हसली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ सोडला आणि तशीच उभी राहिली.

गुरुवारी रात्रीचा बेत ठरलेला, मसूर घालून केलेला भात, वर तळलेला कांदा आणि दही. त्या गुरुवारी बाबा पोटभर जेवले. जेवण झाल्यावर बाहिये त्यांचा हिवाळी कोट घेऊन बसली. गेल्या आठवड्यात ते दोनदा जिना उतरून खालच्या दारापर्यंत गेले होते. तिने पांढऱ्या फितीवर नाव आणि फोन नंबर काळ्या दोऱ्याने भरला आणि फीत कोटाच्या आतल्या बाजूला शिवली.

"काय शिवतेस?" बाबांनी विचारलं. अरबीत. तिच्याशी ते आता अरबीतच बोलत आणि कधी कधी तिला झकिये म्हणत. झकिये त्यांची बहीण होती.

"तुमचं नाव. हरवलात तर लोक फोन करतील."

"वाच."

"ओरहान."

"हा कोण?"

"तुम्हीच की."

"मी ओवादिया. मुराद शमाचा मुलगा."

"घरात, बाबा. बाहेर ओरहान."

त्यांनी कोट हातात घेतला, फितीवरून अंगठा फिरवला, आणि परत तिच्या मांडीवर ठेवला. "मग हा त्याचा कोट आहे. देऊन टाक त्याला. थंडीत बिचारा बाहेर उभा असेल."

ती हसली. खूप दिवसांनी दोघं एकाच वेळी हसली. मग तिने कोट खुंटीला टांगला, त्यांचे पाय गरम पाण्यात धुतले, आणि ते झोपले. तो गुरुवार असा होता. नंतर तिने त्याचा एकेक तास उलगडून पाहिला. कुठेही काही अशुभ सापडलं नाही.

शुक्रवारी सकाळी ती कोंबडी आणायला खाली उतरली. दाराची वरची कडी लावायची राहिली. वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा दार उघडं होतं. कोट खुंटीवरच होता. दुसऱ्याचा कोट घालून जाणारे ते नव्हते. अंगात लोकरीची बिनबाह्यांची बंडी, पायात घरातल्या सपाता, खिशात काही नाही.

ती आधी प्रार्थनाघराकडे धावली. दाराशी उभा असलेला माणूस म्हणाला, "नाही आले. महिनाभरात दिसलेच नाहीत. बरे आहेत ना?" तिने गल्ल्या पालथ्या घातल्या, बोटीच्या धक्क्यावर गेली, चहाच्या दुकानांत डोकावली. दुपारी ती पोलीस चौकीत बसली होती, आणि समोरचा हवालदार यंत्राकडे बघत एकेक रकाना भरत होता. तरुण होता. सभ्य होता. तिला त्याने आधी पाणी दिलं.

"नाव?"

"ओरहान."

"भाषा?"

"तुर्की."

"फक्त तुर्की? काही म्हातारी माणसं आजारपणात गावाकडची बोली बोलतात. माझी आजी शेवटी लाझ भाषेत भांडायची. आम्हाला एक अक्षर कळायचं नाही."

तो हसला. बाहियेही हसली. हीच वेळ होती. अरबी, असा एक शब्द. पण अरबी म्हटलं की कुठली अरबी, हलबची म्हटलं की हलबहून कधी आलात, एकोणीसशे सत्तेचाळीस साली म्हटलं की का आलात. एक दोरा ओढला की सगळी शिवण उसवते.

"फक्त तुर्की," ती म्हणाली.

"कुठे जाण्याची शक्यता? मशीद? चहाची दुकानं?"

"चहाची दुकानं."

"अंगावर काही खूण? गळ्यात, हातात?"

"काही नाही."

"ताजा फोटो?"

ताजे फोटो होते. पण बाबांचे फोटो सणालाच काढले जात, आणि सणाच्या प्रत्येक फोटोत डोक्यावर गोल टोपी होती. तिने पंधरा वर्षांपूर्वीचा पासपोर्टचा फोटो दिला. त्यात त्यांना मिशा होत्या, गाल भरलेले होते, आणि ते एखाद्या बँकेच्या निवृत्त व्यवस्थापकासारखे दिसत होते. कोणत्याही बँकेच्या. कोणत्याही धर्माच्या.

हवालदाराने सगळं पुन्हा वाचून दाखवलं. बाहियेने ऐकलं. भाषा सोडली तर एकही गोष्ट खोटी नव्हती म्हणावं तर म्हणता आलं असतं, आणि त्या वर्णनाचा माणूस जगात कुठेही नव्हता.

शनिवारी तिने दिवे लावले, विझवले, फोन केले. शबातच्या दिवशी फोन उचलायचा नाही, हा नियम तिने पहिल्यांदा मोडला आणि तिला काहीच वाटलं नाही. रुग्णालयांत चौकशी झाली. ओरहान नावाचं कुणी दाखल नव्हतं.

रविवारी खालच्या मजल्यावरची नर्मिन कागदांचा गठ्ठा आणि चिकटपट्टी घेऊन वर आली. वीस वर्षांची शेजारीण. वरून पाणी गळलं तरी भांडायला आणि ताप आला तरी सूप द्यायला तीच. तिने पत्रकाचा मजकूर वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"तुर्की बोलतात असं काय लिहिलंयस? काका वर्षभर माझ्याशी अरबीतच बोलतात. मी आपली 'हो काका, हो काका' करते. अरबी लिही ना."

"नको."

"का नको?"

"लोक नाही नाही ते विचारतील."

नर्मिनने गठ्ठा टेबलावर ठेवला. मग उठून आधी दार लावून आली. "बाहिये, वसंतात आठ दिवस तुमच्याकडे पाव येत नाही. शरदात एक दिवस तुमच्या चुलीवर काही चढत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तू पांढरीफटक दिसतेस. मला काय डोळे नाहीत? नाक नाही?"

बाहियेने दाराकडे पाहिलं.

"मी कुणाला बोलले नाही हो," नर्मिन घाईने म्हणाली. तिने बाहियेचा हात थोपटला. "कधीच नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. माझ्या पोटात गेलं ते गेलं."

ती मायेने बोलत होती, यात शंका नव्हती. पण घरातल्या एखाद्या पोरीच्या भानगडीबद्दल बायका बोलतात तसं ती बोलत होती, आणि दार लावून. बाहियेने विचार केला, हिला वीस वर्षं माहीत आहे आणि काही झालं नाही. मग विचार केला, काही झालं नाही कारण हिने कुणाला सांगितलं नाही. दोन्ही खरं होतं. त्यातून काय करावं ते निघत नव्हतं.

"अरबी लिहू?" नर्मिनने विचारलं. पेन तिच्या हातात होतं.

"राहू दे," बाहिये म्हणाली.

त्यांनी ऐंशी पत्रकं लावली. ओरहान. वय पंच्याऐंशी. तुर्की बोलतात. बसथांबे, औषधांची दुकानं, विजेचे खांब. सोमवारी पाऊस आला, आणि मिशावाल्या त्या अनोळखी गृहस्थाचा चेहरा निम्म्या खांबांवरून ओघळला.

मंगळवारी दुपारी अडीचच्या सुमाराला फोन वाजला. बाई मोडक्या तुर्कीत बोलत होती. शब्द तिला सापडत नव्हते. कागद, खांब, म्हातारा, बेकरी. बाहिये अरबीत म्हणाली, "सावकाश सांगा. मला कळतं."

मग बाई म्हणाली, "अगंबाई, तू तर हलबची!"

तिचं नाव हनान होतं. ती पलीकडच्या वस्तीत राहायची आणि इमारतींचे जिने धुवायची. बाहिये टॅक्सीने तिने सांगितलेल्या कोपऱ्यावर गेली. हनान दार उघडून आत बसली आणि बसता बसताच तिने बाहियेचे दोन्ही हात धरले. त्यावरूनच बाहियेला कळलं.

"कधी?"

"पहाटे. झोपेतच गं, ताई. त्रास नाही झाला. खोटं कशाला सांगू, थोडा झाला. छाती भरली होती."

टॅक्सी गर्दीत अडकली होती. हनान सांगत गेली. शुक्रवारी दुपारी आजोबा अबू नाइमच्या बेकरीसमोर उभे होते, थंडीने निळे पडलेले. अबू नाइम हलबचा. सात वर्षांपूर्वी तिथल्या युद्धातून पळून आला. त्याने विचारलं, काका, कुठले? आजोबांनी त्याला बाब अल-फराजच्या चौकातली सगळी दुकानं एका दमात मोजून दाखवली. त्यातली निम्मी अबू नाइमच्या बापालासुद्धा माहीत नव्हती. अबू नाइम बेकरीतच रडायला लागला. त्याने त्यांना आत नेलं, भट्टीजवळ गादी घातली. म्हटला, यांची पोरं समुद्रात तरी गेली असतील नाहीतर जर्मनीत, आता हे माझे.

"दवाखान्यात नाही नेलं?"

"नेलं की. सोमवारी. कागद नाही, नाव नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या, म्हटला मोठ्या रुग्णालयात न्या. तिथे नेलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, कोण, कुठले, परवाना कुठाय. अबू नाइम घाबरला. आमच्यातल्या कुणालाही चौकीत उभं केलं की दुसऱ्या दिवशी सरहद्दीवर."

"नाव नाही विचारलं त्यांना?"

"दहादा विचारलं. हसायचे. म्हणायचे, बाहेर नाव सांगायचं नाही, आईने बजावलंय. नाव घरी आहे."

बाहियेने काचेतून बाहेर पाहिलं. एक माणूस गाडीवर डाळिंबाचा रस काढत होता.

"खायचे का?"

"पाव खायचे. मटणाला हात लावला नाही. अबू नाइमच्या बायकोने कलेजी केली होती, म्हणाले, पोट बरं नाही. आणि रोज वार विचारायचे. एकदा म्हटलं शनिवार, तर असे खूश! पांढरा सदरा द्या म्हणाले. अबू नाइमने स्वतःचा दिला. काल विचारलं, आज काय? मी म्हटलं, सोमवार. तर म्हणतात कसे, खोटं बोलू नको, इथे कायम मंगळवार असतो." हनान हसली, आणि हसता हसता डोळे पुसले. "असे गमतीचे होते गं."

"कागद तर रविवारपासून लावले होते," बाहिये म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लांबून ऐकू आला.

"मी बघितला ना. आमच्या इमारतीसमोरच्याच खांबावर. पोराकडून वाचून घेतला. तो म्हटला, आई, ओरहान नावाचे तुर्की आजोबा आहेत, तुर्की बोलतात. मी म्हटलं, नाही मग, आमचे नव्हेत. फोटोतला माणूसही केवढा जाडजूड. पण आज सकाळी धुऊन झाल्यावर चेहरा बघितला. मेलं की सुरकुत्या जातात, माणूस तरुण दिसतो. आणि मग खांबाजवळून गेले, आणि..." ती थांबली. "तू अरबी का नाही लिहिलंस, ताई?"

टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं.

"कुठे आहेत आता?" बाहियेने विचारलं.

"मशिदीत. दुपार उलटल्यावरची नमाज झाली की लगेच जनाजा. अबू नाइमने सांगितलं, माझा मामा आहे. नाहीतर सरकार नंबर टाकून पुरतं म्हणतात. त्याने कबरीची जागासुद्धा मागून घेतली. घाबरू नकोस, सगळं रीतीने केलंय. पाण्यात गुलाब टाकला होता. खूप माणसं आलीयत."

मशीद नवी होती, सिमेंटची. अंगणाच्या कठड्याला एक लांब कापडी फलक बांधला होता. युद्धावरचा. त्यावर मोठ्या लाल अक्षरांत बाहियेच्या माणसांचं नाव होतं आणि त्यापुढे एक शब्द, जो तिने या महिन्यात इतक्या वेळा वाचला होता की आता डोळा आपोआप त्याला वळसा घालून जाई. आज वळसा घालायला जागा नव्हती. दार फलकाखालीच होतं.

आत दगडी चौथऱ्यावर पेटी ठेवली होती, हिरव्या कापडाने झाकलेली. तिच्यासमोर माणसांच्या चार रांगा. बेकरीतले, बांधकामावरचे, काही शेजारचे तुर्की म्हातारे जे प्रत्येक जनाज्याला थांबतात. पहिल्या रांगेत पिठाने पांढऱ्या झालेल्या बुटांचा एक धिप्पाड माणूस हुंदके देत होता. हनानने बाहियेला कठड्याशी बायकांत ओढलं आणि डोक्यावरून स्वतःची ओढणी टाकली.

बाबा त्या पेटीत होते. दहा पावलांवर.

तिने सगळं बघून घेतलं, आणि तिच्या मनात जो विचार आला तो अगदी शांतपणे आला. राहू दे. चांगल्या माणसांनी त्यांना धुतलं. चांगली माणसं त्यांना खांद्यावर नेतील. पेटीवर माती पडेल, कुणी थुंकणार नाही, कुणी दगड मारणार नाही. ती दर आठवड्याला येईल, हनानची दूरची नातेवाईक म्हणून. अबू नाइमवर बालंट येणार नाही. त्याने खोटं सांगितलंय, ते उघड झालं तर उद्या त्याला बसमध्ये बसवून सरहद्दीवर सोडतील. आणि उद्या तिला गल्लीतून चालायचंय. परवाही. एकटीला. बाबा तर गेले. त्यांना आता कशाने काय होणार?

पण पेटीवर कुणीच नव्हतं. ना ओवादिया, ना ओरहान. अबू नाइमचा मामा. चार दिवस ते एकटे पडले होते, आणि आता कायमचे पडणार होते, अशा मातीत जिथे शेजारच्या कुणालाही त्यांच्या बापाचं नाव ठाऊक नसेल, तिच्या आईच्या कबरीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला. गेलेल्यासाठीची प्रार्थना, कद्दीश, कुणी म्हणणार नाही. आणि हे कुणी शत्रूने केलेलं नव्हतं. हे तिने केलं होतं, रकाना रकाना भरून, सभ्यपणे, पाण्याचा पेला हातात धरून.

इमाम रांगांकडे वळले. थकलेले, साधे गृहस्थ होते. त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "जमात, या मयताला तुम्ही कसं ओळखत होता?"

"चांगलं ओळखत होतो," चार रांगा एका आवाजात म्हणाल्या.

"कसं ओळखत होता?"

"चांगलं ओळखत होतो." अबू नाइमचा आवाज सगळ्यांच्या वर आला आणि फाटला.

बाहियेच्या लक्षात आलं की ती चालते आहे. हनानने मागून ओढणी धरली. ओढणी हनानच्या हातात राहिली. बाईमाणूस रांगांमधून येतंय म्हटल्यावर माणसं गोंधळून बाजूला झाली. कुणीतरी म्हणालं, "ताई, बायका मागे." दुसरा म्हणाला, "जाऊ दे रे, मुलगी असेल." तिने पेटीच्या लाकडावर हात ठेवला. लाकूड गार होतं, ओलसर.

तिसऱ्यांदा विचारायला इमामांनी तोंड उघडलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं.

"मी ओळखते," बाहिये म्हणाली. आवाज निघालाच नाही म्हणायचा, नुसती हवा.

"काय म्हणाली?" मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने कानाला हात लावला. "काय म्हणतेय ती? मोठ्याने बोल, पोरी. ऐकू येत नाही."

अबू नाइम तिच्याकडे बघत होता. रडून सुजलेले डोळे, आणि त्यांत हळूहळू चढत चाललेली भीती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि आधी त्यालाच सांगितलं, हलबच्या अरबीत, "तुमचे उपकार फिटायचे नाहीत. तुम्हाला माहीत नव्हतं. मी लपवलं होतं." मग ती रांगांकडे वळली. फलकाची पाठ तिथून दिसत होती, अक्षरं उलटी. तिने दुसराही हात पेटीवर टेकला, आणि तुर्कीत, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल अशा आवाजात बोलली.

"हे माझे वडील आहेत. यांचं नाव ओवादिया शमा. मुरादचा मुलगा ओवादिया. आम्ही यहुदी आहोत. माझा बाप यहुदी आहे, मी यहुदी आहे. मला यांना घरी न्यायचंय."